काचेवरचा घरजावई

आफरीनच्या जिभेला हाड नव्हतं. हे अख्ख्या दवाखान्याला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर तेच सगळ्यांना आवडायचंही. धाराशिव शहराच्या कडेला ट्रस्टचा एक दवाखाना, त्याच्या तळमजल्यावर तिची लॅब. सकाळी ती आत शिरली की वॉर्डातल्या मावश्यांना जिन्यावर कळायचं, आली बाई. मशिनला नावं ठेवायची, डॉक्टरांच्या नकला करायची, रिपोर्टांना टोपणनावं द्यायची. हुशार मात्र अशी की बोलता बोलता हात कधी चुकला नाही. चुकली ती जीभच.

दोन वर्षांपूर्वी महेश्वरी मॅडम लॅबच्या मुख्य डॉक्टर म्हणून आल्या आणि त्यांनी एक नवी तपासणी सुरू करायचं मनावर घेतलं. बायकांच्या गर्भपिशवीच्या तोंडाला जो कॅन्सर होतो, तो बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळं. हा विषाणू पुष्कळ जणींच्या अंगात येतो आणि काही न करता निघूनही जातो. पण एखादीच्या अंगात तो ठाण मांडतो. आधी पेशीत सुटा फिरत असतो, आणि मग कधीतरी पेशीच्या स्वतःच्या डीएनएच्या धाग्यातच घुसून बसतो. एकदा का तो धाग्यात विणला गेला, की पेशीचा ताबा त्याच्याकडं जाऊ लागतो. म्हणून नुसता विषाणू आहे की नाही एवढ्यावर मॅडमचं समाधान होत नव्हतं. तो सुटा आहे की घुसून बसलाय, हे त्यांना हवं होतं.

ते बघायचं कसं? तर पेशंटचा डाळीएवढा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा, त्याचा डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा पातळ काप काढायचा आणि काचेवर चढवायचा. मग फक्त त्या विषाणूलाच चिकटेल असं एक रसायन घालून रात्रभर उबेत ठेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी रंग द्यायचा. विषाणू सुटा असेल तर मायक्रोस्कोपखाली पेशीचं केंद्रक सगळंच्या सगळं निळंजांभळं माखलेलं दिसतं. घुसून बसलेला असेल तर केंद्रकात एकच बारीक ठिपका, फार तर दोन.

मॅडम हे समजावून सांगत होत्या तेव्हा आफरीन चटकन म्हणाली, "म्हणजे एक पाहुणा, आन् दुसरा घरजावई!"

मॅडमना इतकं हसू आलं की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. झालं, त्या दिवसापासून लॅबमध्ये तेच शब्द रूढ झाले. "अठरा नंबरला पाहुणा हाय बघा." "एकवीसला संशय येतोय घरजावयाचा." रिपोर्टावर इंग्रजीतलं शिस्तीचं नाव जायचं, पण तोंडात हेच.

बोलायला सोपं होतं, काम काही सोपं नव्हतं. पाहुणा एकवेळ ओळखू यायचा, पण घरजावयाचा ठिपका काही साफ दिसेना. काप काचेवरून उठून यायचा, नाहीतर रंग नको तिथं पसरायचा. चाळीस काचा वाया गेल्या. मॅडम नुसती पुढची काच पुढं करायच्या, आणि तेच आफरीनला लागायचं. घरी तिची अम्मी फातिमाबी म्हणायची, "क्या गे, आजकल हसती नहीं?" तर ही ताट पुढं सरकवून उठून जायची. एकेचाळिसावी काच तिनं जीव तोडून केली.

ती काच माकणीच्या शिवकांताबाईंची होती.

शिवकांताबाई अठ्ठेचाळीस वर्षांच्या. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी प्रतीक्षा, तिचं लग्न भूम तालुक्यातल्या ईटच्या गौरीशंकरशी झालं आणि जावई शेत बघायला म्हणून सासूच्या घरीच राहायला आला. शांत, कामसू माणूस. बाईंच्या पिशवीच्या तोंडाला कॅन्सरच्या आधीचा बदल झालाय, हे पहिल्या तपासणीत निघालेलं होतं. तेवढा भाग काढून टाकला की बाई मोकळी. अर्ध्या तासाचं काम, त्याची तारीख पुढच्या मंगळवारची. काच तयार झाली त्या दिवशी त्या रक्त तपासायला आल्या होत्या, सोबत जाऊ होती, इरम्मा.

आता नीट ऐका, कारण सगळं पाच मिनिटांत घडलं. शिवकांताबाई रक्त द्यायला आत गेल्या. इरम्मा लॅबच्या रिपोर्टखिडकीसमोरच्या बाकावर बसली. थोड्याच वेळापूर्वी तिथल्या सिस्टरनं सगळ्या बायकांना गोळा करून सांगितलं होतं की हा विषाणू नवरा-बायकोच्या संबंधांतून येतो, म्हणून लाजू नका, तपासून घ्या. इरम्मानं ते नीट ऐकलं होतं. आणि आत आफरीननं काच मायक्रोस्कोपखाली सरकवली, फोकस फिरवला, आणि दिसलं! केंद्रकाकेंद्रकात एकेक ठिपका, सुबक, स्वच्छ, कुठं फाफटपसारा नाही.

"मॅडम, या हो लवकर!" ती खुर्चीतून उठून ओरडली. "माकणीच्या शिवकांताबाईंच्यात घरजावई निघाला! पक्का घरजावई! आता कुठं जातोय सुटून!"

आणि ती हसली. टाळी वाजवून, मनापासून, अख्ख्या पॅसेजला ऐकू जाईल एवढ्यानं हसली.

खिडकी उघडी होती.

मंगळवारी शिवकांताबाई आल्या नाहीत. येतील उद्या, असं म्हणत चार दिवस गेले. मॅडम म्हणाल्या, "फोन कर त्यांना. त्यांचा बदल वरच्या पायरीचा आहे, त्यात हा ठिपका. त्यांना जाऊ देऊन चालणार नाही." आफरीननं फोन लावला. तिसऱ्यांदा लावल्यावर एका पुरुषानं उचलला.

"मी गौरीशंकर. त्यांचा जावई. कागदावर नंबर माझाच दिलाय."

"भाऊ, बाईंना का आणलं न्हाई तुम्ही? तारीख दिली होती ना!"

मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "मॅडम, एक विचारू का? त्या रिपोर्टात मानसाचं नाव येतं का?"

"कसलं नाव?"

"नाव न्हाई, नातं. आमच्या चुलत सासूबाई म्हनत्यात, तुमच्या तिथं त्यांनी कानानं ऐकलं. तपासणीत घरजावई निघाला म्हनून. समदं गाव बोलायलंय. म्या आठ दिस झाले शेतातच ऱ्हातोय, घरात पाय ठेवला न्हाई. सासूबाई, आमच्या अव्वा, तोंड झाकून बसल्यात. मॅडम, शिवाची शपथ, ती माय हाय माझी."

ज्या शब्दावर आफरीन दोन वर्षं टाळ्या घेत होती, तो शब्द खिडकीतून बाहेर पडून एका घरात जाऊन बसला होता. आणि आता तरी तिनं खरं बोलावं की नाही? एका वाक्याचं तर काम होतं. पण ती म्हणाली, "न्हाई हो, तसं काय नसतं रिपोर्टात," आणि फोन ठेवून दिला.

घाबरली ती. सरळ सांगायचं तर नोकरीला घाबरली, मॅडमना घाबरली, आणि सगळ्यात जास्त त्या माणसाच्या आवाजाला घाबरली.

पुढचे तीन दिवस तिनं जे केलं त्याची तिला नंतर सगळ्यात जास्त लाज वाटली. ती आपली चूक शोधत बसली, पण भलत्याच ठिकाणी. काच चुकली असेल, असं तिनं मनाशी धरलं. रंग चुकला असेल, दुसऱ्या कुणाचा तुकडा लागला असेल, ठिपका म्हणजे नुसता कचरा असेल. तसं निघालं तर रिपोर्टच खोटा, मग शब्दही खोटा, मग ही सुटली! तिनं त्याच ठोकळ्याचे नवे काप काढले. दुसऱ्या कुणाचा कण लागू नये म्हणून नवं पातं घेतलं. शेजारी एक काच विषाणू नक्की असलेली ठेवली, एक नक्की नसलेली ठेवली. ठिपके पुन्हा तिथंच, तसेच.

मग तिनं पीसीआर लावला. कोविडमुळं पीसीआर सगळ्यांच्या तोंडी आहे, पण इथं तो वेगळ्या कामाला. सुटा विषाणू गोल कड्यासारखा असतो. धाग्यात शिरायचं तर कडं कुठंतरी तुटावं लागतं, आणि बहुतेक वेळा ते ई-टू नावाच्या तुकड्यापाशी तुटतं. म्हणून ई-टू आणि ई-सिक्स हे दोन्ही तुकडे शोधायचे. दोन्ही सारखे मिळाले तर कडं शाबूत. ई-सिक्स मिळालं आणि ई-टू मिळालंच नाही, तर तो शिरून बसला. शिवकांताबाईंच्या नमुन्यात ई-सिक्स भरपूर होतं. ई-टूची रेघ मात्र स्क्रीनवर वर चढलीच नाही, शेवटपर्यंत आडवी पडून राहिली.

म्हणजे काम बरोबर होतं. अगदी बिनचूक. आणि शिवकांताबाईंना खरोखरच लवकर इलाज हवा होता. आपण तीन दिवस एका बाईचा रोग खरा निघू नये म्हणून धडपडलो नाही, आपण सुटावं म्हणून धडपडलो, हे आफरीनला त्या आडव्या रेघेकडं बघताना कळलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती उठली आणि मॅडमच्या टेबलापाशी जाऊन सगळं सांगून मोकळी झाली. फोनचंही सांगितलं, तीन दिवसांचंही, आणि स्वतः माकणीला जाऊन यायचं ठरवलंय तेही.

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उठून रिपोर्टखिडकीपाशी गेल्या आणि ती लावून घेतली. मग म्हणाल्या, "पेशंटचं नाव आणि निदान एका वाक्यात, तेही उघड्या खिडकीशी. आणि त्या शब्दाला पहिल्यांदा हसले मी." परत खुर्चीत बसताना म्हणाल्या, "मी येऊ का सोबत?"

"नको मॅडम. तुम्ही आलात तर मी तुमच्या मागं लपेन."

दुसऱ्या दिवशी आफरीन लोहाऱ्याच्या एस.टी.त बसली, तिथून टमटमनं माकणीला उतरली. घर विचारलं तर एका दुकानदारानं तिच्याकडं पाहून मिश्कील तोंड केलं. "त्यांचं व्हय? जावा की सरळ." त्या हसण्यानं तिचा चेहरा कानापर्यंत तापला. हे हसू आपणच इथं आणून सोडलंय, हे तिला ठाऊक होतं.

शिवकांताबाई अंगणात तूर निवडत बसल्या होत्या. कपाळावर विभूतीची बोटं, पदर खाली ओढलेला. आफरीननं कोण ते सांगितलं, तसा सुपातला हात थांबला. प्रतीक्षा दारात आली आणि तिथंच उभी राहिली. डोळे रडून सुजलेले.

"अव्वा, तुमी दवाखान्यात या," आफरीन म्हणाली. "उशीर झाला तर रोग वाढंल. आज अर्ध्या तासात निघतंय, नंतर न्हाई निघायचं."

"येत न्हाय म्या," शिवकांताबाई शांतपणे म्हणाल्या. "ऑपरेशनला गेले तर गाव म्हनंल, बगा, खरंच हाय. न्हाय गेले तर निदान निम्मे लोक म्हनत्याल, खोटं असंल. मरन येनारच हाय कवातरी. माज्या लेकीचं घर मोडून कशाला जगू?"

आफरीन तिथंच मातीत बसली. "अव्वा, तो शब्द माझा हाय. मी बोलले. तुमच्या जावयाचा त्यात काय संबंध न्हाई. कुणाला बोलवायचं ते बोलवा, मी समद्यांपुढं सांगते."

प्रतीक्षाच गेली. आधी इरम्माला घेऊन आली, इरम्मामागून शेजारच्या पाचसहा बायका आल्या, भिंतीपलीकडं चार पुरुष येऊन थांबले. शेवटी गौरीशंकर आला. उंबऱ्याच्या आत आला नाही. अंगणाच्या कडेला, चपला न काढता उभा राहिला.

आफरीननं सांगायला सुरुवात केली. विषाणू कड्यासारखा गोल असतो म्हणताना ती नेहमी हातातली बांगडी दाखवायची, ती कशी फुटते ते सांगायची. आज तिची नजर शिवकांताबाईंच्या मोकळ्या मनगटांवर गेली आणि बांगडीचं नाव तिनं गिळून टाकलं. पदराचा निघालेला दोरा दाखवून बोलली. विषाणू सुटा असला की आम्ही त्याला पाहुणा म्हणतो. आपल्या धाग्यात विणला गेला की घरजावई म्हणतो. डॉक्टरांच्या पुस्तकात असला शब्द नाही. तो चेष्टेनं मी पाडलाय. आणि तो कुणाकडून आला, कधी आला, हे जगातली कुठली मशीन सांगत नाही. वीस वर्षं गुपचूप अंगात पडून राहिलेला असतो.

भिंतीपलीकडं कुणीतरी फिस्सकन हसलं. "आयला, किड्याला घरजावई!" मग दुसरा हसला. बायकांनी पदर तोंडाला लावले. गावाला हसायला आता नवीन काहीतरी मिळालं होतं. गौरीशंकर मात्र हसला नाही. त्याची मान खालीच होती, फक्त त्यानं चपला काढल्या.

"अय्यो शिवा," इरम्मा पुटपुटली. "म्या काय खोटं बोलले का? कानानं ऐकलं ते सांगितलं. ही म्हनलीच तसं. वर खदाखदा हसली पन."

"तू गप बस इरम्मा," शिवकांताबाई म्हणाल्या. मग त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि पहिल्यांदाच आफरीनच्या डोळ्याला डोळा दिला.

"हसलीस का गं तू?"

नाही म्हणता आलं असतं. इरम्माचा शब्द आता कुणी धरत नव्हतं. आफरीननं मान हलवली. "व्हय अव्वा. हसले."

"काय म्हनून?"

"चाळीस काचा वाया गेल्या होत्या माझ्या. तुमची काच पहिल्यांदा साफ आली. ठिपका अगदी नीट दिसला." ती मातीकडं बघत म्हणाली, "म्हणून आनंद झाला."

"माजा रोग दिसला म्हनून आनंद झाला तुला."

आफरीनला वाटलं, म्हणावं की तसं नव्हतं, कामाचा आनंद वेगळा असतो. पण तसंच होतं. त्या काचेवर तिला ठिपका दिसला होता, बाई दिसलीच नव्हती.

"व्हय," ती म्हणाली.

प्रतीक्षा पुढं झाली, नवऱ्याच्या हाताला धरून त्याला आत घेऊन गेली, आणि आतून पाण्याच्या तांब्याचा आवाज आला.

शिवकांताबाईंनी पदर सारखा केला. "येते म्या मंगळवारी. माजी लेक येईल, जावई येईल, समदे येऊ. पन तू तितं नसावंस. माज्या अंगाचा तुकडा परत तुज्या हातात नगं जायला."

"अव्वा, तो तुकडा तपासायला—" आफरीन बोलता बोलता थांबली. तो तपासायला तिच्याएवढा हात दुसऱ्या कुणाचा बसलेला नव्हता. ते खरं होतं, पण ते सांगायची ही जागा नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा तिला तोंडातला शब्द परत आत घेता आला.

"बरं," ती म्हणाली.

सोमवारी तिनं मॅडमपुढं रजेचा अर्ज ठेवला, दुसऱ्या दिवसाचा. सोबत एका कागदावर तपासणीची एकेक पायरी नीट मराठीत लिहून दिली होती. कोणतं पातं घ्यायचं, उबेत किती वेळ ठेवायचं, रंग कधी थांबवायचा. हे काम मॅडम स्वतः करणार होत्या.

अर्जात कारणाच्या रकान्यात आजवर तिनं ताप, लग्न, ईद असलंच काहीबाही लिहिलेलं होतं. या खेपेला तिथं दोनच शब्द होते: पेशंटचं म्हणणं.

मॅडमनी ते वाचलं आणि खाली सही केली.